नवा विमानतळ, जुनेच भांडण: पर्यटनस्थळांवरील विमानतळांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रकिनारा असो, डोंगराळ प्रदेश असो की तीर्थक्षेत्र, नव्या विमानतळाची घोषणा झाली की गावात दोन तट पडतात. खालचे प्रश्न दोन्ही तटांकडून येतात. उत्तरे देताना आमचे मत लपवलेले नाही.

विमानतळाला विरोध म्हणजे पर्यटनाला विरोध, असेच ना?

नाही. विरोधकांमध्ये हॉटेलवाले असतात, टॅक्सीवाले असतात, जुन्या विमानतळाभोवती धंदा उभा केलेले व्यापारीही असतात. त्यांना पर्यटक हवेच आहेत. त्यांचा प्रश्न एवढाच की ते कुठे उतरणार आणि त्यांचा पैसा कुणाच्या गल्ल्यात जाणार. शेतकऱ्याचा विरोध जमिनीसाठी असतो, पक्षीमित्राचा पाणथळीसाठी, अर्थतज्ज्ञाचा कर्जासाठी. हे सगळे मोर्चात एकत्र दिसतात म्हणून त्यांचे म्हणणे एकच आहे असे समजू नये. सरकारे मात्र नेमके तसेच समजतात, कारण ‘विकासविरोधी’ हे एकच लेबल सगळ्यांना चिकटवणे सोपे जाते.

हा वाद पर्यटनस्थळीच एवढा का पेटतो?

औद्योगिक शहरात विमानतळ आधीच असलेल्या गरजेमागून येतो. पर्यटनस्थळी तो बहुतेक वेळा गरजेच्या पुढे धावतो: आधी धावपट्टी बांधू, मग पर्यटक येतील, असा हिशेब. शिवाय ज्या गोष्टी पाहायला लोक येतात, त्याच धावपट्टीखाली जाण्याची भीती असते. मोकळी सपाट जमीन, खाडीकाठ, जंगलाची कड, जुन्या वस्तीचे पठार, सगळे त्यातलेच. आणि तिसरे कारण जमिनीच्या भावाचे. घोषणेच्या आधीच आजूबाजूचे सातबारे कुणाच्या नावावर चढले, हे शोधायला गेलात की राजकारणाची निम्मी गोष्ट उलगडते.

विमानतळ झाला की पर्यटक येतातच. हे तर सिद्ध झालेले आहे ना?

पर्यटक विमानाने येतात. विमान आणायचे की नाही, हे विमान कंपनी ठरवते. या वाक्याकडे दुर्लक्ष झाले की काय होते, याची उदाहरणे जगभर आहेत.

स्पेनमधल्या कास्तेयोनच्या किनाऱ्यावर सुमारे १५ कोटी युरो खर्चून विमानतळ बांधला आणि मार्च २०११ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्या दिवशी तिथे एकही प्रवासी विमान नव्हते. प्रांतीय परिषदेचे अध्यक्ष कार्लोस फाब्रा यांनी त्यातही फायदा शोधला: विमाने नाहीत म्हणून लोकांना धावपट्टीवर फिरता येते! विमानतळाबाहेर एक अवाढव्य पुतळा उभारला गेला आणि शिल्पकाराने त्यामागची प्रेरणा फाब्राच असल्याचे सांगितले. पहिले नियमित व्यावसायिक उड्डाण २०१५ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी झाले. तोवर फाब्रा करचुकवेगिरीच्या प्रकरणात तुरुंगात गेले होते.

श्रीलंकेत मट्टाला येथे मार्च २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. खर्च सुमारे २० कोटी ९० लाख डॉलर आणि त्यातले १९ कोटी चीनच्या एक्झिम बँकेचे कर्ज. वर्षाला दहा लाख प्रवाशांची क्षमता होती. मट्टाला ज्या हंबनटोटा जिल्ह्यात आहे तो तत्कालीन राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांचा जिल्हा, आणि विमानतळाला नावही त्यांचेच. जानेवारी २०१५ मध्ये ते निवडणूक हरले आणि त्याच महिन्यात सरकारी विमान कंपनीने तिथली उड्डाणे बंद केली. पुढे मालवाहतुकीच्या इमारतीत भात साठवला गेला. आसपास हत्ती आणि इतर वन्यप्राण्यांचा वावर असल्याने २०१६ मध्ये त्यांना हुसकावायला जवान आणि पोलीस नेमावे लागले. ‘जगातला सर्वांत रिकामा विमानतळ’ ही ओळख तेव्हापासून त्याला चिकटली आहे.

नेपाळने आठ महिन्यांत दोन आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू केले. लुंबिनीसाठी भैरहवा येथे मे २०२२ मध्ये आणि पोखरा येथे १ जानेवारी २०२३ रोजी. अन्नपूर्णेच्या पायथ्याचे पोखरा काही अनोळखी ठिकाण नव्हे, तरी तिथे नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे रुजली नाहीत. एक कारण विमानतळाच्या कुंपणाबाहेरचे आहे: पश्चिम नेपाळात थेट शिरण्यासाठी भारताच्या हवाई हद्दीतून सोयीचा मार्ग हवा, आणि नेपाळ तो बरीच वर्षे मागत आहे. भैरहवाच्या उद्घाटनाच्याच दिवशी भारताचे पंतप्रधान लुंबिनीला आले होते. ते नव्या विमानतळावर न उतरता हेलिकॉप्टरने थेट लुंबिनीला गेले. हा योगायोग असल्याचे नेपाळी वृत्तपत्रांत कुणालाच वाटले नाही.

विमान कंपन्यांना सरकार पैसे देते म्हणतात. ते काय प्रकरण आहे?

देते, आणि बऱ्याच ठिकाणी देते. युरोपात प्रादेशिक सरकारे स्वस्त विमान कंपन्यांशी ‘जाहिरात करार’ करतात. कंपनीने आमच्या प्रदेशाची प्रसिद्धी करायची, त्या बदल्यात पैसे. प्रत्यक्षात ते उड्डाण चालू ठेवण्याचे भाडे असते. त्यावरून युरोपीय आयोगासमोर सरकारी मदतीच्या नियमभंगाची कितीतरी प्रकरणे गेली. युरोपीय लेखापरीक्षकांनी २०१४ मध्ये पाच देशांतले २० अनुदानित विमानतळ तपासले, तेव्हा गुंतवणुकीच्या मानाने पदरात फारसे काही पडलेले नाही असाच एकूण सूर होता. काही विमानतळ तर जनतेच्या पैशाशिवाय चालूच राहणार नाहीत, अशी स्थिती होती.

भारतात छोट्या शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेत हे उघडपणे होते. तोट्याच्या मार्गावर कंपनीला तीन वर्षे व्यवहार्यता तफावत निधी, म्हणजे तोटा भरून काढणारे अनुदान, मिळतो. तीन वर्षांनी मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहावा, ही अपेक्षा. महालेखापरीक्षकांच्या २०२३ मधल्या अहवालाप्रमाणे दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यांतल्या ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यांतले ५४ टिकून होते. हे आकडे पाहून योजना वाईट ठरत नाही. दुर्गम भागासाठी अनुदान देण्यात गैर काही नाही, पण ते कायमचे लागणार असेल तर तसे आधी सांगावे. ‘तीन वर्षांत नफ्यात येईल’ म्हणून जमीन घ्यायची आणि चौथ्या वर्षी खिडकी बंद, याला फसवणूक म्हणतात.

शेजारीच विमानतळ असताना दुसरा कशाला?

या प्रश्नाचे सर्वांत गुंतागुंतीचे उत्तर गोवा आणि सिंधुदुर्ग या पट्ट्यात सापडते, म्हणून इथे जरा थांबू.

गोव्याचा जुना विमानतळ दाबोळी हा नौदलाचा तळ. नागरी विमानांना तिथे नौदलाच्या वेळा सांभाळून उतरावे लागते. त्यामुळे उत्तर गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या मोपा पठारावर नवा विमानतळ बांधायचे ठरले. केंद्रीय मंत्रिमंडळाने २००० साली त्याला मान्यता दिली तेव्हा मोपा सुरू झाल्यावर दाबोळीची नागरी वाहतूक बंद करायची अशी अट होती. दक्षिण गोव्यात यावरून रान पेटले. किनाऱ्यावरची हॉटेले, टॅक्सी, वास्कोची बाजारपेठ, सगळे दाबोळीवर अवलंबून. शेवटी २०१० मध्ये अट बदलली आणि दोन्ही चालू ठेवायचे ठरले.

कागदावर वाद मिटला. डिसेंबर २०२२ मध्ये मोपाचे उद्घाटन झाले, मनोहर पर्रीकरांचे नाव दिले गेले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. २०२४ मध्ये कतार एअरवेजने आपले उड्डाण दाबोळीहून मोपाला नेले, तेव्हा दक्षिण गोव्यातली जुनी भीती पुन्हा उसळली. सरकार म्हणते, दाबोळी बंद करणार नाही. विरोधक म्हणतात, बंद करायची गरजच काय, विमाने एकेक करून निघून गेली की तो आपोआप ओस पडेल. दोघांचेही म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते. सरकार दाबोळीला टाळे लावणार नाही, पण कंपनीला तिथे थांबवून ठेवण्याचा अधिकारही त्याच्याकडे नाही.

आता सीमेपलीकडे बघा. सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि केंद्रीय मंत्री नारायण राणे एकाच मंचावर होते आणि विमानतळ कुणामुळे झाला यावरून तिथेच टोलेबाजी रंगली. मुंबईची सेवा ‘उडान’मधून चालली आणि २०२४ मध्ये, तीन वर्षे भरल्यावर, बंद पडली. दरम्यान दुसऱ्या कंपनीने इतर शहरांची उड्डाणे सुरू केली होती. पण शेजारी मोपासारखा मोठा विमानतळ, तिथे रोज डझनावारी उड्डाणे, आणि तिथून सावंतवाडी, वेंगुर्ला हाकेच्या अंतरावर. अशात चिपीला प्रवासी कुठून मिळणार, हा प्रश्न बांधकामाच्या वेळीच विचारायला हवा होता. भारताच्या २००८ च्या धोरणानुसार चालू नागरी विमानतळापासून १५० किलोमीटरच्या आत सहसा नवा विमानतळ होत नाही. हवा असेल तर जुन्यावर काय परिणाम होईल ते तपासून केंद्राने स्वतंत्र निर्णय घ्यायचा असतो. नियम शहाणपणाचा आहे, पण राज्याची सीमा मध्ये आली की प्रत्येकाला आपला विमानतळ हवा असतो.

नावावरून एवढे रण का माजते?

कारण नाव देणे फुकट असते. पोर्तुगालने लिस्बनच्या नव्या विमानतळाला कवी लुईश द कामोइंश यांचे नाव दिले, तेव्हा जागेवर एक वीटही नव्हती.

जागा अभियंते निवडतात की पुढारी?

अभियंते यादी करतात, पुढारी निवडतात. लिस्बनचेच घ्या. जुना विमानतळ शहरात अडकला आहे आणि पर्यटकांचा लोंढा वाढतो आहे, यावर कुणाचे दुमत नाही. नव्या विमानतळासाठी पहिले कार्यालय १९६९ साली उघडले. त्यानंतर हुकूमशाही गेली, लोकशाही आली, कितीतरी सरकारे बदलली आणि जागेची चर्चा चालूच राहिली. मोंतिजो ही जागा जवळपास पक्की झाली होती. तिथे खाडीतल्या स्थलांतरित पक्ष्यांचा मुद्दा होताच, पण प्रकल्प अडला तो वेगळ्याच कारणाने: कायद्याप्रमाणे बाधित नगरपालिकांची संमती लागत होती आणि दोन नगरपालिका नाही म्हणाल्या. म्हणून २०२१ मध्ये विमान नियामकाने अर्ज तपासायलाही नकार दिला. जून २०२२ मध्ये मंत्री पेद्रू नुनु सांतुश यांनी नव्या जागांचा आदेश काढला. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान आंतोनियू कोश्ता यांनी तो रद्द केला! अखेर मे २०२४ मध्ये नव्या सरकारने आल्कोशेतची निवड केली.

आपण अशा दिरंगाईला हसतो. पण पन्नास वर्षे वाद घालून चुकीचा विमानतळ न बांधणे हे मट्टालापेक्षा स्वस्त पडते.

निसर्गही कधी कधी निर्णय फिरवतो. दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर ब्रिटनने २८ कोटी ५० लाख पौंड खर्चून विमानतळ बांधला. २०१६ मध्ये तो सुरू व्हायचा होता. चाचणीत लक्षात आले की कड्यावरच्या धावपट्टीजवळ वाऱ्याचा वेग आणि दिशा अचानक बदलतात आणि मोठे विमान उतरवणे धोक्याचे आहे. पहिले नियमित उड्डाण ऑक्टोबर २०१७ मध्ये, लहान विमानाने झाले. सिक्कीममधल्या पाक्योंगचे २०१८ मध्ये थाटात उद्घाटन झाले आणि वर्ष भरायच्या आत उड्डाणे थांबली. डोंगरात ढग उतरतात, धावपट्टी दिसत नाही. हे तिथल्या कुणाही शेतकऱ्याने सांगितले असते.

पर्यावरणीय मंजुरी मिळाली म्हणजे विषय संपला ना?

मंजुरी कशाच्या आधारावर मिळाली, ते पाहावे लागते. मोपाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये मंजुरी स्थगित केली, कारण अर्जात आसपासचे राखीव जंगल आणि पश्चिम घाटातले संवेदनशील क्षेत्र यांची माहितीच नीट दिलेली नव्हती. प्रकरण तज्ज्ञ समितीकडे परत गेले. जानेवारी २०२० मध्ये अटी घालून आणि ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेची देखरेख नेमून न्यायालयाने काम सुरू करू दिले. म्हणजे न्यायालयाने विमानतळ रोखला नाही, पण खोटा अर्ज खपवूनही घेतला नाही. हा फरक दोन्ही बाजूंच्या भाषणांत हरवतो.

केरळमधले आरनमुळा याच्या उलट टोकाला. शबरीमलाचे भाविक आणि पर्यटक यांच्यासाठी तिथे खासगी विमानतळ होणार होता. भातखाचरे आणि पाणथळ बुजवण्यावरून, तसेच जुन्या पार्थसारथी मंदिराला बसणाऱ्या धक्क्यावरून आंदोलन उभे राहिले. कवयित्री सुगतकुमारी त्याच्या अग्रभागी होत्या. डाव्यांपासून हिंदुत्ववाद्यांपर्यंत सगळे एका मांडवात बसलेले असे दृश्य राजकारणात क्वचितच दिसते. हरित लवादाने मे २०१४ मध्ये पर्यावरणीय मंजुरी रद्द केली.

नेपाळमधल्या निजगढला साल वृक्षांचे जंगल आडवे आले. तिथे सुमारे २४ लाख झाडे तोडावी लागतील, असे पर्यावरण अहवालातच म्हटले होते. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सरकारचे त्या जागेबाबतचे निर्णय रद्द ठरवले. अल्बानियात मात्र व्लोरा येथे, फ्लेमिंगो उतरतात त्या नार्ता खाजणाच्या शेजारी काम चालूच राहिले. युरोपीय वन्यजीवांसाठीच्या बर्न कराराच्या समितीने थांबायला सांगितले होते. शिफारस पाळायची की नाही हे सरकारच्या मर्जीवर असते, आणि सरकारची मर्जी पर्यटनाच्या लाटेवर स्वार होती.

ग्रीसच्या क्रीट बेटावरचा प्रकार मजेशीर आहे. नव्या विमानतळाचे रडार ज्या टेकडीवर बसायचे, तिथेच २०२४ मध्ये ४८ मीटर व्यासाची, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची गोल वास्तू सापडली. पर्यटक जे पाहायला येतात तेच पर्यटकांच्या विमानाच्या वाटेत.

स्थानिकांना विमानतळ हवाच असतो, बाहेरचे लोकच ओरडतात. खरे ना?

कधी कधी अगदी खरे. पेरूमधल्या चिंचेरोत, माचू पिचूच्या वाटेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटर उंचीवर नवा विमानतळ उभा राहतो आहे. जगभरच्या पुरातत्त्वज्ञांनी त्याविरुद्ध निवेदने काढली: इंका राजाची ही वस्ती, पायऱ्यापायऱ्यांची शेती, सगळे धोक्यात येईल. कुस्को भागातले पुष्कळ लोक मात्र चिडले. कुस्कोचा जुना विमानतळ वस्तीने आणि डोंगरांनी वेढलेला आहे. आमच्या पोरांना रोजगार नको का, आम्ही तुमच्या फोटोंसाठी गरीब राहायचे का, हा त्यांचा सवाल. त्याला शहरात बसून उत्तर देणे कठीण आहे. पण त्याच चिंचेरोत विणकाम करणाऱ्या बायका आणि होमस्टे चालवणारी घरेही आहेत. पर्यटक आज त्यांच्या दारात थांबतो, उद्या विमानातून उतरून थेट बसमध्ये बसेल, ही त्यांची धास्ती. ‘स्थानिक’ या एका शब्दात ही दोन्ही घरे येतात.

कॅरिबियनमधल्या बारबुडात गोष्ट अधिक कडू आहे. तिथे जमीन समाजाच्या सामाईक मालकीची होती. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळाने बेट उद्ध्वस्त केले आणि जवळपास सर्व रहिवाशांना शेजारच्या अँटिग्वात हलवले. लोक बेटावर नसताना धावपट्टीसाठी बुलडोझर चालू झाले. या विमानतळाचा मोठा लाभार्थी म्हणजे श्रीमंतांची आलिशान वसाहत. रहिवासी न्यायालयात गेले, तेव्हा दाद मागायचा अधिकार तरी त्यांना आहे का, यावरच खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या अंतिम अपील न्यायालयापर्यंत पोहोचला. २०२४ मध्ये कौन्सिलने तो अधिकार मान्य केला. त्याच वर्षी विमानतळही सुरू झाला.

आणि सेंट हेलेनाचे लोक? पर्यटक अपेक्षेपेक्षा कमी आले, पण पूर्वी केपटाऊनला जायला बोटीतून पाच रात्री काढाव्या लागत. आता गंभीर रुग्णाला विमानाने हलवता येते. तिथल्या कुणाला हा विमानतळ पांढरा हत्ती आहे असे सांगून बघा.

या वादांत चीनचे नाव वारंवार का येते?

कारण कर्ज लवकर मिळते आणि ठेकेदारही सोबत येतो. पोखऱ्याच्या विमानतळासाठी सुमारे साडेएकवीस कोटी डॉलरचे कर्ज चीनच्या एक्झिम बँकेचे, बांधणारी कंपनीही चिनी. खर्च फुगवल्याचे आणि अनियमिततेचे आरोप नेपाळच्या संसदीय समितीपर्यंत गेले. पण सगळा दोष चीनच्या माथी मारणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. मागणी करणारे सरकार स्थानिक असते, जागा त्याने निवडलेली असते, प्रवाशांचे फुगवलेले अंदाजही त्यानेच मान्य केलेले असतात.

ग्रीनलँडमध्ये उलटे घडले. २०१८ मध्ये तिथल्या विमानतळांच्या कामासाठी चिनी कंपनी शर्यतीत आहे म्हटल्यावर डेन्मार्क खडबडून जागा झाला आणि स्वतः पैसे घेऊन पुढे आला. त्यावरून ग्रीनलँडच्या सत्ताधारी आघाडीतला नालेराक पक्ष बाहेर पडला, कारण त्याला यात जुन्या वसाहतवादी मालकाचा, म्हणजे डेन्मार्कचा, हात दिसला. राजधानी नूक येथील नवी धावपट्टी नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाली.

सरळ सार्वमत घेऊन टाकले तर?

कुणाचे मत घ्यायचे, इथेच गाडी अडते. फ्रान्समध्ये नांत शहराजवळ नोत्र-दाम-दे-लांद येथे विमानतळ व्हायचा होता. ते पर्यटनस्थळ नव्हे, पण धडा उपयोगाचा आहे. २०१६ मध्ये एका जिल्ह्यापुरते मतदान झाले आणि ५५ टक्के लोकांनी हो म्हटले. जागेवर ठाण मांडून बसलेले आंदोलक हटले नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये सरकारनेच प्रकल्प सोडून दिला. धावपट्टीखाली घर जाणाऱ्याचे मत आणि शंभर किलोमीटरवरून वर्षातून एकदा विमान पकडणाऱ्याचे मत एकाच पेटीत टाकले, की निकाल लागतो, पण वाद मिटत नाही.

विमानतळ चांगला चालला तर सगळे शांत होते ना?

मग दुसरा वाद सुरू होतो, आणि आमच्या मते हाच खरा वाद आहे. विमानतळ बांधणे म्हणजे या प्रदेशात दरवर्षी किती माणसे यावीत हे ठरवणे. ते कुणी तसे बोलून दाखवत नाही. माचू पिचूवर रोज ४,५०० आणि गर्दीच्या ठरावीक दिवसांत ५,६०० माणसांची मर्यादा आहे. मर्यादा तीच ठेवून विमानतळाची क्षमता वाढवली, तर वाढीव माणसे जाणार कुठे? त्याचे उत्तर विमानतळाच्या प्रकल्प अहवालात शोधून सापडत नाही, कारण तो दुसऱ्या खात्याचा विषय!

इंडोनेशियाच्या बाली बेटावर दक्षिणेकडे गर्दी आणि वाहतुकीची कोंडी, उत्तरेकडे रोजगाराची वानवा. म्हणून उत्तरेला बुलेलेंगमध्ये दुसरा विमानतळ हवा, अशी मागणी वर्षानुवर्षे आहे. माजी राष्ट्राध्यक्ष मेगावती यांनी २०२३ मध्ये जाहीर विरोध केला. प्राबोवो राष्ट्राध्यक्ष होताच पाठिंब्याचे वारे वाहू लागले. समतोल साधण्याची कल्पना वाईट नाही. फक्त, दुसरा विमानतळ गर्दी वाटून घेईल की दुप्पट करेल, याचे उत्तर विमानतळावर अवलंबून नसून हॉटेलांच्या परवान्यांवर अवलंबून आहे.

विमानतळाऐवजी रेल्वे चालणार नाही का?

मुख्य भूमीवर बऱ्याच ठिकाणी चालेल, बेटावर नाही. रेल्वेला वर्षे लागतात आणि एका निवडणुकीच्या मुदतीत फीत कापता येत नाही.

हवामान बदलाचा मुद्दा किती महत्त्वाचा?

महत्त्वाचा आहे, पण स्थानिक लढाईत तो क्वचितच निर्णायक ठरतो. आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे उत्सर्जन बहुतेक देशांच्या राष्ट्रीय उद्दिष्टांत धरलेच जात नाही. १९४४ च्या शिकागो करारामुळे विमानाच्या टाकीत असलेल्या इंधनावर दुसऱ्या देशात कर लावता येत नाही. हिशेब कुणाच्याच वहीत नसला की त्याची काळजीही कुणी करत नाही.

सरकार बदलले आणि करार मोडला तर?

तर बिल येते. मालदीवने माले विमानतळ खासगी कंपनीकडे सोपवण्याचा २०१० चा करार नोव्हेंबर २०१२ मध्ये मोडला. प्रवाशांकडून २५ डॉलर शुल्क घ्यायचे की नाही, इथून ठिणगी पडली होती. २०१६ मध्ये लवादाने मालदीवला सुमारे २७ कोटी डॉलर भरायला लावले. पेरूत चिंचेरोचा पहिला करार सरकारला महागात पडणारा आहे असा ठपका महालेखापालांनी ठेवला, तेव्हा वाहतूकमंत्री मार्तीन विस्कारा यांनी मे २०१७ मध्ये राजीनामा दिला आणि करार रद्द झाला. (वर्षभरात तेच राष्ट्राध्यक्ष झाले, हे पेरूचे राजकारण.) कंपनी आंतरराष्ट्रीय लवादात गेली आणि निकाल पेरूच्या विरोधात लागला. करार मोडणे नेहमीच चूक असते असे नव्हे, मात्र सही करण्याआधी विरोधी पक्षाला तो वाचू दिला असता, तर हा खर्च वाचण्याची शक्यता होती.

आमच्याकडे जनसुनावणी लागली आहे. काय विचारावे?

‘विमानतळ हवा की नको’ यात अडकू नका. कोणत्या विमान कंपनीने कोणत्या मार्गासाठी लेखी तयारी दाखवली आहे, ते विचारा. प्रवाशांचा अंदाज कुणी काढला आणि त्याच सल्लागाराचे आधीचे अंदाज किती खरे ठरले, ते विचारा. अनुदान किती वर्षे, आणि ते संपल्यावर तोटा कोण सोसणार? पाणी कुठून येणार, आणि उन्हाळ्यात गावाचे कमी करून तर देणार नाही ना? टॅक्सीचे परवाने कुणाला? मोपाच्या दारात पेडण्याच्या टॅक्सीवाल्यांना यासाठी आंदोलन करावे लागले होते. उड्डाणमार्गाखालच्या गावांचा नकाशाही मागा. नेदरलँड्समध्ये सुट्टीच्या उड्डाणांसाठी लेलिस्टाटचा विमानतळ वाढवला. तिथले टर्मिनल २०१९ मध्ये तयार झाले, पण कमी उंचीवरून जाणारे मार्ग आणि नायट्रोजन उत्सर्जनाचा परवाना यांत तो अडकला.

उत्तरे तोंडी मिळाली तर ती इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा आणि प्रत मागा. सुनावणीचे इतिवृत्त पुढे न्यायालयात कामी येते, घोषणांचे फलक येत नाहीत.

जमीन दिली आणि विमानतळ झालाच नाही, तर ती परत मिळते का?

देशादेशाचा कायदा वेगळा. नोत्र-दाम-दे-लांदमध्ये प्रकल्प सोडल्यावर जमीन गमावलेल्या शेतकऱ्यांना ती परत मागण्याचा मार्ग खुला झाला. भारतात २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १०१ प्रमाणे ताबा घेतल्यापासून पाच वर्षे वापरात न आलेली जमीन मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसांना परत द्यायची, नाहीतर सरकारच्या जमीन बँकेत जमा करायची. या दोन्हींपैकी काय करायचे, ते सरकार ठरवते. काही राज्यांनी या तरतुदींत बदल केले आहेत, तेव्हा आपल्या राज्याचा नियम आधी पाहा. आणि जमीन संपादनाने न जाता थेट खरेदीखताने दिलेली असेल, तर हे कलम लागूच होत नाही. खरेदीखतावर सही करण्यापूर्वी परतीची अट त्यातच लिहून घ्या.